सावल्या विकायच्या नाहीत

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, नकार विशेष.

आधी घरची खुशाली सांगते, नाहीतर म्हणशील, पाकीट फोडल्या फोडल्या भांडायला लागली. आई बरी आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला घरातली धूळ दिसायला लागलीय, त्यामुळे बाकी कुणाचं काही बरं नाही. मी माझं टेबल वरच्या खोलीतून खाली आणलंय, खिडकीपाशी. इथे उजेड चांगला येतो. वरचा पंखा पुन्हा कुरकुरायला लागलाय असं आई सांगत होती. वहिनीनं पाठवलेले बूट फारच सुंदर आहेत. अजून घातले नाहीत, जपून ठेवलेत. तिला माझे आभार सांग.

तुझं पाकीट मिळालं. जाड गुळगुळीत कागद, डोक्यावर तुझ्या कंपनीचं चिन्ह, आणि जिथे सही करायची तिथे पिवळी चिकटपट्टी, म्हणजे मी वाट चुकायला नको. सोबत तुझी चिठ्ठी: ‘बाकी सगळ्यांचे होकार आले. तुझाच राहिलाय. लवकर पाठव.’ फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मेलला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून हे हातानं लिहितेय. पत्राला मध्येच ‘हो हो, कळलं’ म्हणता येत नाही.

मी सही करणार नाही.

तुमच्या कागदावर आपल्या मिणमिणचं वर्णन वाचून मला हसू आवरेना. ‘रंगमंचीय प्रकाशयोजनेचे संगणकीय पूर्वदर्शन करणारी प्रणाली.’ अरे, आपण अण्णांना काय सांगितलं होतं? दिवा टांगायच्या आधी तो कसा पडेल ते दाखवणारा प्रोग्राम. संपलं. फुकट आणि उघडा. ज्याला हवा त्यानं घ्यावा, आत डोकावून बघावं, पटलं नाही तर बदलावं आणि पुढच्याला द्यावा. अण्णा म्हणाले होते, ‘फुकट? मग नाव तरी मोठं ठेवू नका.’ म्हणून मिणमिण. आता कंपनी तेही नाव बदलणार म्हणे. कसलंतरी चकचकीत ठेवणार असेल.

हे सगळं कशासाठी सुरू झालं ते तुला आठवतंय की तेही विकलंस? नाटकांचे दिवे टांगायला अण्णा आपल्या दोघांना न्यायचे, पण मला शिडीवर चढू देत नव्हते. ‘पोरगी पडली तर तिच्या आईला काय तोंड दाखवू?’ तू पडला असतास तर दाखवायला त्यांच्याकडे दुसरं तोंड होतं बहुतेक. तू वर, अण्णा वर, आणि मी खाली शिडी धरून, मान मोडेपर्यंत वर बघत. मग एक दिवस तू तुझ्या कॉलेजातल्या संगणकावर एक काळा चौकोन केलास, त्यात एक पांढरा ठिपका सोडलास आणि मला म्हणालास, ‘घे खार, लाव दिवा. इथे शिडी लागत नाही.’

त्या ठिपक्याला सावली पडत नव्हती. ती कशी पडते ते मी लिहिलं. माणसाची, खुर्चीची, पडद्याच्या काठाची, दोन दिवे एकमेकांवर आले की होते ती दुहेरी. अण्णांच्या शेडमध्ये दिवा पेटवून, आईला समोर उभं करून मी तिच्या सावल्या खडूनं आखायचे. ती स्वयंपाक टाकून उभी राहायची आणि बडबडायची. उजेड तुझा, सावल्या माझ्या, ही वाटणी तूच केली होतीस. पुढे अण्णा बधले आणि मला वर चढू दिलं, ते वेगळं.

आता तू समजूत काढल्यासारखं लिहितोस की जुनी आवृत्ती मोकळीच राहील, फक्त पुढच्या आवृत्त्यांना कुलूप. दादा, हे दुसऱ्या कुणाला सांग. दर वर्षी बाजारात नवे दिवे येतात. ज्या प्रोग्रामला नवे दिवे ओळखता येत नाहीत तो मोकळा असला काय आणि नसला काय. घर मोकळं ठेवायचं आणि छप्पर काढून न्यायचं, असा हा तुमचा मोठेपणा आहे.

नियम मलाही कळतो. ज्यानं जे लिहिलं त्याच्या होकाराशिवाय त्याचा परवाना बदलता येत नाही, म्हणूनच ही पिवळी पट्टी माझ्या दारात आलीय. तर कंपनीला माझा निरोप दे. उजेड खुशाल न्या. सावल्या विकायच्या नाहीत. सावल्यांशिवाय दिवे विकून दाखवा.

गेल्या महिन्यात एका नाटकाच्या शिक्षिकेची मेल आली होती. तिच्या शाळेत दोन दिवे आहेत, त्यातला एक पेटतो. मुलं मिणमिणमध्ये मोठमोठे रंगमंच दिव्यांनी भरून टाकतात आणि मग तो एक खरा दिवा कुठे ठेवायचा यावर तास तास भांडतात. तिनं विचारलं होतं, हे असंच राहील ना? मी हो लिहून टाकलं. तुला विचारायचं राहून गेलं.

कामाचं म्हणशील तर नवं नाटक हातात आहे. दोन शेजारी, एक बाई आणि एक बुवा, दोघांच्या मध्ये भिंत, आणि दोन अंकभर त्या भिंतीवरून भांडण. आमच्या दिग्दर्शिकाबाईंना लाकडाची भिंत नको, उजेडाची हवी आहे. वरून खाली सरळ सोडलेले झोत, एकाला एक लागून. मी स्क्रीनवर करून पाठवलं तेव्हा बाईंनी उलट ‘अगं!’ एवढंच लिहिलं. त्या कधी कौतुक करत नाहीत, तेव्हा हे पुष्कळ झालं.

तुझी,
शिडीवरची
खार

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलंय. पत्र संपेपर्यंत राग उतरला तर घालीन.

आई मजेत. बाकी खुशालीकडे येतेच आहे.

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं असलं तरी पत्र आहे, एवढी तरी सुधारणा झाली. कंपनीचे फायदे, माझे फायदे, जगाचे फायदे हे सगळं मी चहा पिता पिता वाचलं. पण शेवटी तू लिहिलंस: ‘तुला काय फरक पडतो? तू शिडीवर चढून हातानं दिवे लावणारी. तुला मिणमिण लागते कुठे? तुझं ते जुनं खेळणं आहे. माझी नोकरी आहे.’

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई विचारायला लागली, कोण गेलं? मग शांतपणे पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की यात तुझी काही चूक नाही. तुला कुणी सांगितलंच नाही. मी सांगू दिलं नाही.

नोव्हेंबरात मी शिडीवरून पडले.

काही शौर्य वगैरे नव्हतं त्यात. एका कोपऱ्यातल्या दिव्याचा स्क्रू पिळायचा होता आणि दिवा हातभर लांब होता. अशा वेळी खाली उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. हे अण्णांनी आपल्याला जेवताना, झोपताना, आजारी असताना सांगितलंय. आणि या धंद्यातला प्रत्येक जण, अण्णा धरून, शिडी सरकवायच्या कंटाळ्यानं हात लांब करतो. मीही केला. स्क्रू पिळला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

डाव्या टाचेच्या हाडाचा चुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला तेव्हा कुणीतरी मुठीत बिस्कीट चुरगाळल्यासारखं दिसत होतं. चालता येईल म्हणाल्या. आधी काठी घेऊन, पुढे कदाचित काठीशिवाय. मी विचारलं, ‘आणि शिडी?’ तर त्यांनी माझा हात हातात घेतला. डॉक्टर हात हातात घ्यायला लागले की पुढचं विचारू नये. मी तरीही विचारलं, आणि त्या नाही म्हणाल्या.

म्हणून व्हिडिओ कॉलवर मी कायम बसलेली. म्हणून टेबल खाली आलं, आणि वरचा पंखा कुरकुरतो ते मला आईकडून कळतं. वहिनीचे बूट कपाटात आहेत ते म्हणूनच. डावा पाय त्यात जात नाही. बूट सुंदर आहेत हे मात्र खरं लिहिलं होतं.

तुला का सांगितलं नाही? तू काय म्हणाला असतास ते मला पाठ होतं. आधी ‘मी सांगत होतो’, मग दीर्घ श्वास, मग ‘बघतो काहीतरी’. आणि तू खरंच बघितलं असतंस. तुझ्या ऑफिसात एक बरीशी खुर्ची, मऊ, खाली चाकं. दादा, मला खुर्ची हवी होती. पण माझ्या हॉलमधली, सातव्या रांगेच्या मध्यातली, जिथून अण्णा बघायचे. ती मिळवायच्या आधी तुझी माया अंगावर घ्यायची मला भीती वाटली. एकदा का माणूस रडायला बसलं की लोक त्याच्यासाठी सोय करतात आणि त्याचं काम दुसऱ्याला देतात. रडले मी, नाही असं नाही. पण दार लावून.

आता मला मिणमिण लागते कुठे ते ऐक.

हे भिंतीचं नाटक मी पहिल्यांदाच पूर्ण बसून केलं. आजवर मी मिणमिणमध्ये अंदाज घ्यायचे आणि खरं काम वर चढून, डोळ्यांनी बघून पुरं करायचे. या वेळी वर चढणारे डोळेच नव्हते. हॉलचा वायरमन तुला आठवत असेल, ज्याच्या तोंडाला कधी विसावा नसतो म्हणून सगळे ज्याला मौनी म्हणतात. त्यानं दिवे टांगायच्या वरच्या लोखंडी बारांची मापं घेऊन दिली, आणि मी खिडकीपाशी बसून एकेक दिवा टांगला. नाटक लागेल की नाही, मी या कामात राहीन की नाही, सगळं त्या स्क्रीनवर होतं. बाईंना मी सांगून ठेवलं होतं, ‘जसं दिसतंय तसं मिळेल.’

गेल्या मंगळवारी सकाळी पहिल्यांदा हॉलवर दिवे लावले. मी काठी टेकत सातव्या रांगेत जाऊन बसले. रंगमंचावर दोघं नट उभे. बाई म्हणाल्या, ‘चला, भिंत दाखवा.’ मौनीनं माझ्या आकड्यांप्रमाणे सगळे दिवे पेटवले.

भिंत नव्हती.

फरशीवर फिकट गोलांची एक रांग पडली होती, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं चेहरे नसल्यासारखी उभी. हवेत काही नाही. मधे काही नाही.

‘बाई, सगळे पेटलेत हां,’ मौनी वरून ओरडला. ‘एक गेलेला नाही. माझ्याकडे बघू नका.’

‘मग भिंत कुठाय?’ बाई म्हणाल्या.

‘भिंत सुताराकडे. माझ्याकडे दिवे.’

नट हसले. मला हसू आलं नाही. बाई रंगमंचावरून उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आवाज एकदम खाली आणला. मला त्यांचं ओरडणं परवडतं, ही हळू बोलण्याची तऱ्हा नाही.

‘हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तू आधी नीट बरी हो. या एका नाटकापुरतं दुसऱ्या कुणाला तरी बोलावू या. जो वर चढून बघू शकेल असा.’

‘मी बरी आहे,’ मी म्हटलं. ‘पाय बरा नाही. पायानं दिवे लावत नाही मी.’

‘अगं पण समोर बघ ना.’

‘बघतेय. तुम्ही चहा घेऊन या सगळे. तोवर मी सांगते काय झालंय ते.’

काय झालंय ते मला तेव्हा बिलकूल माहीत नव्हतं. ते गेल्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेतला. स्क्रीनवर भिंत होती, काचेसारखी, सुंदर. समोर नव्हती. पाच मिनिटं मी दोन्हीकडे आळीपाळीनं बघत बसले, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. धूर!

झोत हवेत दिसतो तो हवेत धूर असला तरच. नाहीतर उजेड जिथे आदळतो तिथेच दिसतो. आणि या हॉलमध्ये धुराचं मशीन चालत नाही, आगीची घंटा वाजते. हे मला माहीत होतं, मौनीनं दहादा सांगितलं होतं. पण मिणमिण उघडली की तिच्या हवेत धूर आधीच भरलेला असतो, याची मला इतकी सवय झाली होती की तो धूर आहे हेच मी विसरले होते. वर चढायचे तेव्हा डोळे आपोआप तो वजा करायचे.

मी तो धूर शून्यावर आणला. स्क्रीनवरची भिंत गेली. फिकट गोल, बिनचेहऱ्याची माणसं, समोर होती तशीच मरगळ. मिणमिण अगदी बरोबर होती, दादा. तिला खोटं बोलायला आपण लावलं होतं. आठवतंय? त्या पहिल्या प्रदर्शनात आपल्या टेबलापाशी कुणी थांबत नव्हतं. तू म्हणालास, ‘नुसत्या अंधाराला कोण थांबतं?’ आणि उघडल्या उघडल्या हवेत धूर राहील असं करून टाकलंस. दुपारपर्यंत गर्दी झाली. तुझी कंपनी त्याच गर्दीतून आपल्यापर्यंत आली. तिला जे आवडलं तो धूर होता, आणि आता ती तेवढंच विकणार. गिऱ्हाइकाला भिंत दाखवणार, आणि हॉलवर भिंत नसेल तेव्हा तुमचा फोन लागणार नाही.

माझ्यापाशी मात्र फोन करायला कुणी नव्हतं आणि आतलं सगळं उघडं होतं. म्हणून चहा संपायच्या आत मला कळलं.

धूर शून्यावर ठेवून मी स्क्रीनवर पुन्हा सुरुवात केली. उजेड हवेत दिसणार नसेल तर दिसतं काय? अंगं दिसतात आणि सावल्या दिसतात. आणि सावल्यांचं खातं तर माझंच. वरचे सगळे दिवे विझवले. दोन्ही बाजूंच्या विंगांमध्ये, जमिनीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर दिवे ठेवले. दिव्यांच्या तोंडावरच्या पत्र्यांनी उजेड असा कापला की डावीकडचा नाटकातल्या बाईपर्यंत येऊन संपतो, उजवीकडचा बुवापर्यंत. दोघांच्या मध्ये एक काळी पट्टी उरते, तिथे कुणाचाच उजेड पोचत नाही. हात घातला तर हात दिसेनासा होतो.

बाई परत आल्या तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. ‘उजेडाची भिंत जमणार नाही. अंधाराची देते.’

त्यांनी स्क्रीनवरच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, ‘हे तरी खरं आहे का? की तुझ्या त्या पेटीतच?’

‘मौनी,’ मी हाक मारली, ‘वरचे सहा काढून खाली आण.’

त्यानं आणून दिले, प्रत्येक दिव्यामागे एक तक्रार या हिशेबानं. आणि ते दिवे जमिनीवर होते ना, दादा. मी एक सुटी खुर्ची सरकवत सरकवत विंगेत गेले आणि एकेकाचं तोंड माझ्या हातानं फिरवलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा माझ्या बोटांना दिव्याचा तापलेला पत्रा पोळला. मला इतका आनंद झाला की मौनी गप्प बसला.

पट्टी पडली. स्क्रीनवर होती तिथेच, तेवढीच. नटीनं हात पुढे केला, तो मनगटापासून गेला. बाई म्हणाल्या, ‘बरं. दुसरा प्रवेश.’

आता पुन्हा विचार मला मिणमिण लागते कुठे. तुमचं कुलूप पडलं तर उद्या नवे दिवे आले की मी त्या हॉलबाहेर. आणि मी एकटी नसणार. ज्यांना कुणी शिडी दिली नाही, ज्यांची शिडी सुटली, ज्यांच्याकडे दिवेच नाहीत, अशी किती माणसं तिच्यावर काम करत असतील ते मला माहीत नाही. तुलाही नाही. तू कधी विचारलं नाहीस. एका मुलीला शिडीवर चढू देत नव्हते म्हणून तू ही वस्तू केलीस, आणि आता तीच मुलगी पुन्हा खाली उभी आहे. तिच्याच सहीनं तिच्यासमोर दार लावायला निघालास!

पहिला प्रयोग वीस तारखेला आहे. बघायला ये असं म्हणत नाही. कीव घेऊन तर अजिबात येऊ नकोस. ती ठेवायला घरात जागा नाही, आईनं सगळं आवरून ठेवलंय.

तुझी,
खार

(वर ‘शिडीवरची’ लिहून खोडलंय. दिसत असेलच.)

२२ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. बघ, घातलं.

पत्र मिळाल्या मिळाल्या तू फोन केलास आणि ‘मी सांगत होतो’ म्हणाला नाहीस. नुसतं नाक ओढलंस. माझी तयारी भांडणाची होती रे, याची नव्हती. म्हणून मी घाईनं फोन आईकडे दिला, त्याचा राग मानू नकोस.

पण दुसऱ्या दिवशी तू पुन्हा फोन केलास. कंपनी मला सल्लागार म्हणून घ्यायला तयार आहे, घरी बसून काम, वर सही तेवढी हवी. दादा, तू मनापासून केलंस हे मला कळतं. मऊ खुर्ची शोधलीसच शेवटी. नको. आणि मग तू जे चाचरत बोललास, की माझी सही आली नाही तर तुझं तिथलं कठीण आहे, तेही ऐकलं. दोन रात्री झोप नीट लागली नाही. तुझं नुकसान व्हावं असं मला कधी वाटेल का? तरी नाही. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली तर माझं टेबल मोठं आहे आणि खिडकीपाशी दोघं मावतील. उजेड कुणीतरी सांभाळायला हवाच आहे. नवे दिवे ओळखायला शिकवायचं काम वर्षभर तुंबलंय, कारण ते तू करायचास.

प्रयोग झाला. काय सांगू! पहिल्या अंकाच्या शेवटी भांडून दमलेली ती बाई त्या काळ्या पट्टीत हात घालते आणि पलीकडून बुवाही घालतो. दोघांचे हात दिसत नाहीत. मागच्या पडद्यावर सावल्या मात्र लांब पसरलेल्या, आणि तिथे हात हाताला लागतात. हे मी ठरवलं नव्हतं. स्क्रीनवर माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, रंगीत तालमीत नटीनं ओळखलं आणि बाईंनी ठेवून दिलं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मौनी विंगेत उभा राहून काहीतरी पुटपुटत होता, त्याला मी काठी दाखवली.

आईला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, ‘सगळं स्वच्छ दिसलं. हवेत धूळ नव्हती कुठे.’ तिला धुराचं कुणी काही सांगितलं नव्हतं बरं का. मग घरी येताना रिक्षात म्हणाली, ‘मागच्या त्या सावल्या ओळखल्या मी. माझ्याच आहेत त्या.’

आणि मी आणखी एक केलंय, तुला न विचारता. मिणमिण आता उघडली की अंधारात उघडते. हवा स्वच्छ. एकही दिवा पेटलेला नाही. अण्णा हॉलवर गेले की आधी सगळं बंद करून आपल्याला बसवून ठेवायचे ना, डोळे सरावेपर्यंत, आणि आपण एकमेकांना चिमटे काढायचो, तसंच. ज्याला धूर हवा त्यानं तो स्वतःच्या हातानं सोडावा, म्हणजे त्याच्या लक्षात राहील. लोकांच्या तक्रारी यायला लागल्यात की प्रोग्राम बिघडलाय, काही दिसत नाही. तुझ्या कंपनीतल्या कुणीतरी लिहिलंय की यानं नवा माणूस पळून जाईल. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवतेय: पळू दे. शाळेतल्या त्या शिक्षिकेनं मात्र लिहिलं की मुलांनी पहिल्यांदा वर्गातले बाकीचे दिवे विझवून त्यांचा तो एक दिवा बघितला.

तुमचा कागद परत पाठवतेय. सहीची जागा मोकळी आहे. मागच्या बाजूला बारांची मापं दिसतील. मौनीला मापं घ्यायला कागद हवा होता आणि एवढा जाड कागद घरात दुसरा नव्हता. कंपनीला सांग, इथे त्याचा उपयोग झाला.

सोबत नाटकाची फाइल पाठवतेय. तुझ्याकडे मिणमिण असेलच, नसली तर उतरवून घे, फुकट आहे. उघडलीस की काळं दिसेल. बिघडलंय समजू नकोस, कळफलक बडवू नकोस. थोडा वेळ बस. मग पहिला दिवा लाव.

आणि येणार असशील तर ये. वरच्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतोय, शिडी शेडमध्ये जागेवर आहे. ती आता तुझी. फक्त वर गेल्यावर हात लांब करू नकोस. खाली उतर, शिडी सरकव, मग चढ. मी धरून उभी राहीन.

तुझी,
जमिनीवरून दिवे लावणारी
खार